गळ्यातील ग्रंथी आणि वेळेवरची गोळी



सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस गलगंड हा शब्द नवा नाही. धुळे व जळगाव जिल्ह्यांत या विकाराचे रुग्ण आढळत आले आहेत. अन्नपाण्यात आयोडिन कमी पडले की गळ्यातील थायरॉइड ग्रंथी फुगते. १९५६ साली कांगडा खोऱ्यात आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू झाला. त्याच्या यशानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

याच आयोडिनचा दुसराही एक उपयोग आहे. अणुभट्टीत मोठा अपघात झाल्यास किरणोत्सर्गी आयोडिन हवेत पसरते, गवतावर बसते आणि दुधातून मुलांच्या पोटात जाते. ग्रंथीला साधे आयोडिन आणि घातक आयोडिन यांतील फरक कळत नाही. म्हणून पोटॅशियम आयोडाइडची गोळी देऊन ती आधीच साध्या आयोडिनने भरून टाकतात. मग घातक आयोडिनला तेथे जागा उरत नाही. मात्र गोळी अपघाताच्या सुमारास, काही तासांतच घ्यावी लागते. शिवाय ती केवळ या ग्रंथीचे रक्षण करते, इतर किरणोत्सर्गापासून नव्हे.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शेजारच्या पोलंडने २९ एप्रिलपासून सुमारे एक कोटी मुलांना आयोडिन पाजले आणि दुधावर निर्बंध घातले. उलट, चेर्नोबिलच्या आसपासच्या अनेक खेड्यांत वेळेवर ना औषध पोचले, ना दुधाविषयी सूचना. तेथील आहारात मुळातच आयोडिन कमी होते. अशी भुकेली ग्रंथी घातक आयोडिनही जास्त शोषते. पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला.

२०११ साली जपानमध्ये फुकुशिमाच्या वेळी गोळ्यांचे साठे होते, पण अनेक गावे आदेशाची वाट पाहत राहिली. मिहारू गावाने १५ मार्चला स्वतःहून गोळ्या वाटल्या. त्याच सुमारास चीनमध्ये लोकांनी मिठासाठी दुकानांत गर्दी केली. आता हिशेब करा : प्रौढांच्या एका गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडिन असते, तर आपल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीसाठी साडेसहा किलो मीठ खावे लागेल!

आपल्या राज्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रोजच्या स्वयंपाकात आयोडिनयुक्त मीठच वापरा आणि ते झाकून ठेवा. गोळी मात्र प्रशासनाने सांगितल्यावरच घ्या; आधी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना द्या. चेर्नोबिलला औषधाचा शोध लागायचा राहिला नव्हता. ते आणि त्याची माहिती घरोघर पोचायची राहिली होती. ही माहिती आज आपल्या घरी अवश्य सांगा.