नतान्झचे खोटे आकडे

७ जून १९८१ रोजी इस्रायली विमानांनी बगदादजवळील ओसिराक अणुभट्टीवर बॉम्बवर्षाव केला. हल्ला कोणी केला आणि काय उद्ध्वस्त झाले, हे जगाला लगेच कळले. सुमारे तीन दशकांनंतर इराणमधील नतान्झ येथे जे घडले, त्यात ना विमान होते, ना स्फोट. आपल्यावर हल्ला झाला आहे, हे तेथील तंत्रज्ञांना बराच काळ उमगलेही नाही.

नतान्झच्या भूमिगत दालनांत युरेनियम समृद्ध करण्यासाठी हजारो सेंट्रिफ्यूज अतिवेगाने फिरत असत. प्रकल्पाची नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून अलग होती. तरीही ‘स्टक्सनेट’ हा संगणकीय विषाणू आत शिरला. जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका संगणक सुरक्षा कंपनीने तो प्रथम हुडकला. सीमेन्स बनावटीच्या नियंत्रकांचा ताबा घेऊन तो सेंट्रिफ्यूजची गती कधी धोकादायक मर्यादेपर्यंत वाढवी, तर कधी अगदी मंद करी. नियंत्रण कक्षाला मात्र सारे सुरळीत असल्याचेच दिसे. सुमारे १,००० सेंट्रिफ्यूज निकामी झाले असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. संशय अमेरिका व इस्रायलवर गेला. अधिकृत कबुली कोणीच दिली नाही.

या नव्या युद्धाचे वेगळेपण येथेच आहे. विषाणूने यंत्रे मोडली, परंतु त्याआधी आकड्यांवरचा विश्वास मोडला.

आपल्या देशालाही याची झळ लागली आहे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाने नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला शक्यच नसल्याचे निवेदन काढले. दुसऱ्याच दिवशी भारतीय अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय कामाच्या एका संगणकात विषाणू आढळल्याचे मान्य केले. तो संगणक महत्त्वाच्या अंतर्गत जाळ्यापासून अलग होता व प्रकल्पाला बाधा पोहोचली नाही, असेही महामंडळाने स्पष्ट केले. मात्र याची सूचना ४ सप्टेंबरलाच मिळालेली होती.

अलगपणा ही आवश्यक तटबंदी खरी, पण नतान्झ पाहिल्यावर ती पुरेशी म्हणवत नाही. शासनाचा सारा डोलारा खालून येणाऱ्या अहवालांवर उभा असतो. ‘सर्व ठीक’ हा शेरा ज्या यंत्रणेकडून येतो, तिच्यावाचून स्वतंत्रपणे तो पडताळण्याची सोय हवी आणि उणीव आढळताच ती सांगण्याची मोकळीकही हवी. हे काम केवळ संगणकतज्ज्ञांचे नव्हे. ते प्रशासनाचेही आहे.