टोपी न उचलणारा टेड विल्यम्स

२८ सप्टेंबर १९६० : बॉस्टनच्या फेनवे पार्कवर रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या टेड विल्यम्सने कारकिर्दीत शेवटची बॅट धरली आणि बाल्टिमोरच्या जॅक फिशरच्या चेंडूवर होम रन ठोकला, त्याचा ५२१वा. मान खाली घालून तो बेसेसना वळसा घालत धावला आणि थेट डगआउटमध्ये शिरला. जेमतेम दहा हजार प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करत राहिले. त्याने ना बाहेर येऊन दर्शन दिले, ना आभारादाखल टोपी उचलली.

याला उर्मटपणा म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. १९५६मध्ये हुर्यो उडवणाऱ्या याच प्रेक्षकांच्या दिशेने तो थुंकला होता आणि त्याबद्दल त्याला ५,००० डॉलरचा दंड झाला होता. थुंकण्याचे समर्थन नाहीच. पण प्रेक्षकांच्या पैशावर खेळाडू पोसला जातो हे मान्य केले, तरी त्या पैशाची फेड बॅटने होते, आर्जवाने नव्हे. आणि ती त्याने शेवटच्या फटक्यापर्यंत केली. १९९१मध्ये बहात्तराव्या वर्षी त्याच मैदानावर त्याने टोपी उचलली, म्हणजे मनात कायमची अढी नव्हती. आज समाजमाध्यमांवर चाहत्यांची मर्जी राखणे हा खेळाडूच्या कामाचाच भाग मानला जातो, तेव्हा त्याचा हा नकार अधिकच सरळ वाटतो.