लाल तेलातला देवमासा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या लाल तेलाला गाडीतल्या इतर कुठल्याही तेलापेक्षा जास्त कामे असतात. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत पोचवणारे माध्यम तेच असते. गिअर बदलणाऱ्या झडपा आणि पिस्टन त्याच्याच दाबावर हलतात, दाते आणि बेअरिंग त्याच्यामुळे टिकतात, आतली उष्णताही तेच बाहेर वाहून नेते. पाचवे काम सर्वांत नाजूक आहे. क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरतात तेव्हा किती घट्ट आणि किती हळुवारपणे धरायचे, हे तेल ठरवते. जुन्या गाडीत गिअर उशिरा पडणे, झटका बसणे, घसरणे, ठरावीक वेगात गाडी थरथरणे, अशा तक्रारींपैकी बऱ्याच या पाचव्या कामाशी येऊन भिडतात. आणि १९७०च्या सुमारापर्यंत बऱ्याच अमेरिकी गाड्यांमध्ये हे काम देवमासा करत होता.

या गिअरबॉक्सचा पूर्वजही समुद्रावरचाच. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटिनच्या व्हल्कन जहाज-कारखान्यात काम करत असे. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते, तर जहाजाचा प्रोपेलर सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. दोघांच्या मध्ये एवढी ताकद पेलणारी दंतचक्रे बनवणे तेव्हा अवघड होते. फ्योटिंगरने दातेच काढून टाकले. १९०५च्या त्याच्या पेटंटात बंद घरात समोरासमोर बसवलेली पात्यांची चक्रे आहेत. चालू पंख्यासमोर ठेवलेला बंद पंखा वाऱ्याने फिरू लागतो, तसे इथे एक चक्र द्रव फेकते आणि दुसरे त्या माऱ्याने फिरते. मध्ये तिसरे स्थिर चक्र घातले की फिरवण्याची ताकद वाढूनही मिळते. तोच टॉर्क कन्व्हर्टर.

पुढचे टप्पे सर्वज्ञात आहेत. १९३०मध्ये ब्रिटनच्या डेमलर कंपनीने असा द्रव-जोड मोटारीत आणला, १९३९मध्ये जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलसाठी चार गिअरांचा हायड्रामॅटिक जाहीर केला. युद्धात तो एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात गेला आणि १९४८मध्ये ब्यूइकच्या डायनाफ्लोने टॉर्क कन्व्हर्टर सामान्य मोटारीत बसवला. तेलाच्या लाल रंगाचे कोडे मात्र उगाच मोठे केले जाते. गाडीखाली पडलेला डाग इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे पाहताक्षणी कळावे म्हणून मिसळलेले ते रंगद्रव्य आहे. तेलाच्या गुणाशी त्याचे काही देणेघेणे नाही. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

खरी अडचण प्लेटांची होती. ऑटोमॅटिकमधला क्लच तेलात बुडालेला असतो. कागदासारख्या तंतुमय थराच्या चकत्या आणि पोलादी चकत्या आलटून पालटून रचलेल्या असतात आणि तेलाचा दाब आला की त्या आवळल्या जातात. घसरणाऱ्या दोन पृष्ठांचे घर्षण आणि ती थांबण्याच्या क्षणीचे घर्षण सारखे नसते. थांबतानाचे जास्त असले तर प्लेटा पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात. गाडीला झटका बसतो किंवा ती थरथरते. म्हणजे तेलात असे काही हवे की जे धातूला चिकटून राहील आणि पकड शेवटच्या क्षणी सैल नव्हे, पण मऊ करील.

स्पर्म व्हेलच्या डोक्यात नेमका असा पदार्थ असतो. त्याला तेल म्हणतात, पण रसायनाच्या दृष्टीने ते बहुतांशी द्रवरूप मेण आहे. शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्ले असतात; इथे एक लांब मेदाम्ल एका लांब अल्कोहोलला जोडलेले असते. अशा रेणूचे एक अंग धातूला धरून बसते आणि शेपटी बाहेर राहते. थंडीत ते सहज गोठत नाही, चिकट राळ धरत नाही, म्हणून घड्याळे, शिवणयंत्रे आणि सूतगिरण्यांच्या चात्या यांना ते आधीपासून प्रिय होते. गंधकाशी प्रक्रिया केली की ते जास्त दाबाखालीही टिकते. कोकण किनाऱ्यावर ज्या ‘व्हेलच्या उलटी’ची तस्करी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, ते अंबरग्रीसही याच जातीचे. तिथे आतड्यातला पदार्थ अत्तराला, इथे डोक्यातले मेण गिअरला.

जनरल मोटर्सने तेलाची प्रमाणे ठरवत नेली: १९४९मध्ये टाइप ए, १९५७मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, १९६७मध्ये डेक्सरॉन. डेक्सरॉनमध्ये प्लेटांची पकड मऊ करणारे द्रव्य म्हणजे गंधकयुक्त स्पर्म तेल होते. १९७०मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातले आणि आयातीची वाट बंद झाली; १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने उरलीसुरली फटही बुजवली. १९७३च्या डेक्सरॉन-२मधून देवमासा बाहेर पडला.

वाद इथून सुरू होतो. अमेरिकी मोटारजगतात एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते: देवमाशाचे तेल गेले आणि पुढच्या काही वर्षांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कित्येक पटींनी जास्त निकामी होऊ लागले. सोबत मोठमोठे आकडेही असतात. गोष्ट आकर्षक आहे आणि तिच्यात तथ्याचा अंश नक्की आहे, कारण पकडीचे मूळ द्रव्य घाईने बदलले की पहिली बदली कच्ची निघणारच. पण हे आकडे सर्वांत हिरिरीने मांडले ते देवमाशाच्या मेणाला पर्याय म्हणून वनस्पतिजन्य द्रवमेणाची पूरक तेले विकणाऱ्यांनी, हे विसरता येत नाही.

या गोष्टीला तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली उष्णता. त्याच वर्षांत प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि इंजिने जास्त तापू लागली. गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीतून जात असल्याने तेही तापले. तापमान दहाएक अंश सेल्सिअसने वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा तेल-रसायनातला जुना ठोकताळा. स्पर्म तेलातल्या साखळ्या असंपृक्त असतात, त्यामुळे अशा उष्णतेत तेही फार दिवस तगले नसते. दुसरी गोष्ट गंज. डेक्सरॉन-२च्या पहिल्या आवृत्तीतले नवे द्रव्य कूलरच्या झाळकामाला खाऊ लागले आणि जनरल मोटर्सला काही वर्षांतच सुधारित आवृत्ती काढावी लागली. कूलर फुटला की कूलंट गिअरबॉक्सात शिरते आणि प्लेटांवरचा तंतुमय थर सुटून येतो. बिघाड प्लेटांचाच दिसतो, पण दोष पकडीच्या द्रव्याचा नसतो.

तिसरी गोष्ट निर्णायक आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही: फोर्ड. १९६७पासून फोर्डने स्वतःचे टाइप एफ तेल वापरले. त्यात पकड मऊ करणारे द्रव्य नव्हतेच. गिअर कणखर, ठसक्यात पडावा असेच फोर्डचे धोरण होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्डनेही मऊ पकडीची तेले स्वीकारली, पण तोवर बंदी जुनी झाली होती. म्हणजे देवमासा गेल्यामुळे गिअरबॉक्स मोडले असतील तर ते जनरल मोटर्सच्या गोटात मोडायला हवेत आणि फोर्डचे ग्राहक सुखात असायला हवेत. सांगितली जाणारी गोष्ट मात्र अशी कुठलीच वाटणी करत नाही; ती सरसकट सगळ्या अमेरिकी गाड्यांना लागू केली जाते. देवमाशाला गुन्हेगार ठरवणारी मांडणी इथे लंगडी पडते. तो फार तर साथीदार.

याच फोर्ड-डेक्सरॉन दुफळीतून आणखी एका ठाम समजुतीचा उगम झाला असे दिसते. ‘जुन्या ऑटोमॅटिकचे तेल बदलू नका, बदलले की गिअरबॉक्स बसतो’, हे वाक्य गॅरेजात जगभर ऐकू येते. त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की झिजलेल्या थराची भुकटी तेलात तरंगत असते, तीच प्लेटांना पकड देते आणि नव्या तेलाने ती धुऊन जाते. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे: लोक तेल बदलतात तेव्हा गिअर आधीच घसरत असतो, मग मरणाचे खापर औषधावर फुटते. दुसरेच जास्त पटते. पण भीती एवढी खोल का रुजली, याचे उत्तर १९६७ ते १९७७ या दशकात शोधावे लागते. दोन तेले, स्वभावाने परस्परविरुद्ध आणि रंगाने एकसारखी लाल. टाइप एफच्या गाडीत डेक्सरॉन भरले की गिअर रेंगाळत घसरतो, डेक्सरॉनच्या गाडीत टाइप एफ भरले की झटके बसतात. तेल बदलले आणि गाडी बिघडली, हा अनुभव त्या दशकात हजारोंनी घेतला असणार. हा तर्कच आहे, पण भुकटीच्या सिद्धांतापेक्षा तो भक्कम पायावर उभा आहे.

म्हणूनच जुन्या गाडीचा तपास तेलापासून सुरू होतो. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून, लिव्हर पार्कमध्ये असताना डिपस्टिक पाहतात. होंडासारख्या काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पाहावी लागते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून निघते. जास्त भरले तर तेल फेसाळते आणि लक्षणे तीच दिसतात. तपकिरी रंग आणि करपल्याचा वास म्हणजे प्लेटा जळल्या. तिथे तेल बदलून काही साधत नाही. गुलाबी, दुधट तेल म्हणजे कूलर फुटून कूलंट आत आले आहे, गाडी तत्काळ थांबवावी.

तेल ठीक असेल तर जुन्या, संगणक नसलेल्या गाडीत बाहेरच्या जोडण्या आधी पाहाव्यात. इंजिनावरचा भार ओळखणाऱ्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा पडदा फाटला की गिअर उशिरा आणि धसक्याने पडतो, शिवाय इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून घेते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. थ्रॉटल केबल सैल झाली की आतला दाब कमी पडतो आणि चांगल्या प्लेटाही जळतात. गाडीचा वेग ओळखणारा गव्हर्नर अडकला तर गाडी वरचा गिअरच घेत नाही. पार्टची किंमत किरकोळ असलेल्या या तीन दोषांपायी अख्खे गिअरबॉक्स उघडले जातात.

उरते ती थरथर. ताशी साठ-सत्तर किलोमीटरला, पाय हलका असताना काही सेकंद येणारी आणि ब्रेकला किंचित स्पर्श करताच थांबणारी. ही टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचची असते. पॅकार्डने १९४९मध्ये आणलेला हा क्लच इंधन वाचवण्यासाठी सत्तरच्या दशकाअखेर सर्वत्र परतला. ब्रेक लागताच तो सुटतो, म्हणून थरथर थांबते. इथे दोष बहुधा तेलातल्या पकड मऊ करणाऱ्या द्रव्याचा असतो: ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेत संपलेले असते. म्हणजे देवमाशाची जागा रिकामी झालेली असते. तेल करपलेले नसेल तर योग्य तेल भरून हा दोष पुष्कळदा जातो. ड्रेन प्लगमधून मात्र एका वेळी निम्म्याच्या आसपासच तेल निघते, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून मधे काही किलोमीटर गाडी चालवून दोन-तीनदा बदलावे लागते.

भारतात नव्वदच्या दशकात मारुती झेनसारख्या छोट्या गाडीचीही ऑटोमॅटिक आवृत्ती आली, पण २०१४च्या सेलेरिओनंतर पसरलेल्या एएमटी गाड्यांना यातले काहीच लागू नाही. त्यांत साधा गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच असतो, फक्त तो यंत्राने हलवला जातो. पायऱ्यांविना गिअर बदलणाऱ्या सीव्हीटीला तिचे वेगळेच तेल लागते. तेल गाडीच्या हँडबुकातले प्रमाण वाचून घ्यावे, रंग पाहून नव्हे. जुन्या फोर्डसाठीचे टाइप एफ आजही बनते, आणि तेही लालच असते.