खमरियाच्या फाटकाशी थांबलेला परवाना

जबलपूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. 1817 पर्यंत तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि 1861 पासून 1956 पर्यंत जबलपूर व नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. या जबलपूरच्या कडेला, खमरिया येथे, 1942 साली महायुद्धाच्या धामधुमीत दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. तोफांचे गाडे बनविणारा कारखाना जबलपुरात 1904 पासून होताच. तोफांच्या खाद्याची सोय खमरियाने केली.

स्फोटक द्रव्यांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. या खात्याचा अधिकारी कोणते काम करतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पोलिसाचा दरारा त्याच्यापाशी नाही, न्यायाधीशाचा मानही नाही. आणि तरी दोघांच्याही कामाचा थोडाथोडा अंश त्याच्या वाट्याला आलेला आहे.

या कामाचे मूळ विलायतेतील एका अपघातात सापडते. 1874 च्या ऑक्टोबरात लंडनच्या रीजंट्स पार्कजवळील कालव्यात बंदुकीची दारू वाहून नेणारी नाव फुटली, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे स्फोटकांचा कायदा झाला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात 1884 चा चौथा कायदा आला. 1898 पासून मुख्य निरीक्षकाचे खाते सुरू झाले. खाण, रस्ता, धरण, शेतकऱ्याची विहीर अशी सर्व कामे सुरुंगावाचून अडत. तेव्हा स्फोटकांना मज्जाव करणे शक्यच नव्हते. ती कोणाच्या हाती द्यावयाची, एवढाच प्रश्न उरला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच या अधिकाऱ्याचे काम. अर्जदाराला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत काय? हिंसेच्या वा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यासाठी त्याने शिक्षा भोगली आहे काय? शांतता राखण्याचा जामीन त्याच्याकडून घेतलेला आहे काय? माणूस असा पारखून झाला की जागा पाहावयाची. कोठारात माल किती, आणि त्या मानाने लोकवस्ती, रस्ता व रेल्वेमार्ग किती दूर, हे नकाशावर मोजावयाचे. मालाचे वजन वाढले की अंतरही वाढते. विहिरीला सुरुंग लावणाऱ्या कारागिरालाही स्वतंत्र अनुज्ञा लागते. बत्ती पेटविण्याचे धैर्य तेवढे पुरत नाही.

परवाना देण्यापेक्षा तो काढून घेणे अधिक कठीण. कोणाची उपजीविका त्यावर चालते, कोणाचे प्राण त्यावर अवलंबून असतात. 1978 च्या दुरुस्तीने परवाना नाकारताना, स्थगित करताना किंवा रद्द करताना अधिकाऱ्याने कारणे लिहून ठेवावीत, असे बंधन घातले आणि अपिलाचा मार्गही ठेवला. लहरी अंमलदाराला कारणे लिहावयास लावणे, यासारखा उत्तम लगाम दुसरा नसावा.

एवढा काटेकोर कायदा खमरियाच्या फाटकाशी मात्र थांबला. 1884 च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने सेनादले व त्यांचे दारूगोळा कारखाने परवान्याच्या जाचातून मोकळे ठेवले. तेथे संरक्षण खात्याची स्वतःची नियमावली आणि स्वतःचेच तपासनीस. गोपनीयतेसाठी हे आवश्यक होते, असे म्हणता येईल. पण त्याच चौदाव्या कलमात एक अपवाद आहे: अपघाताची वर्दी देण्याची व चौकशीची कलमे येथेही लागू राहतात. स्फोट होण्यापूर्वी ज्या कायद्याला आत पाऊल टाकता येत नाही, त्याला स्फोट झाल्यावर वर्दी मिळते!

युद्धाची निकड सावधगिरीला कसे मागे सारते, हे मुंबईने 14 एप्रिल 1944 रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्यांच्या जोडीला कापूस! शांततेच्या काळात कोणत्याही तपासनिसाने असा शेजार मान्य केला नसता. जहाजातून उडालेल्या सोन्याच्या विटांच्याच कथा लोक पुढे अधिक चवीने सांगत राहिले.

परवाना असला म्हणजे अरिष्ट टळते, असेही नाही. नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी स्फोट होऊन नऊ कामगार गेले. 22 ऑक्टोबर 2024 रोजी खमरियातच स्फोट झाला व तेथेही कामगार प्राणास मुकले. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील दारूगोळा कारखान्यात 24 जानेवारी 2025 रोजी आठ जण दगावले. पहिल्या ठिकाणी परवान्याचा कायदा होता. उरलेले दोन कारखाने पिढ्यान्‌पिढ्या सरकारने स्वतःच्याच देखरेखीखाली ठेवलेले. बारीक चूर्ण, घर्षण, ठिणगी यांना ही वाटणी ठाऊक नसते. घरी वाट पाहणाऱ्या माणसांनाही तिच्याशी कर्तव्य नसते.

दरम्यान फाटकावरील पाटी बदलली. 1 ऑक्टोबर 2021 रोजी जुने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले, त्याच्या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि खमरिया व भंडारा हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले. तिचे मुख्यालय पुण्यास आहे. एकशे सदतीस वर्षांपूर्वी सैन्याला दिलेली सूट कंपनीला कितपत शोभते, हा प्रश्न त्या दिवसापासून कायद्याच्या अभ्यासकांपुढे आहे; आणि खमरियात पाळीचा भोंगा वाजला की कामगार त्याच फाटकातून आत जातात.