स्टेम मशीनचा की केसचा?

जुने अमेरिकन पॉकेट वॉच पहिल्यांदा उघडणारा हौशी माणूस बहुधा एकाच जागी धास्तावतो. कडेचे स्क्रू काढले की मशीन केसमधून सुटून हातात येते, पण क्राउन, म्हणजे चावीची गुंडी, आणि त्याचा स्टेम, म्हणजे दांडी, केसच्या मानेतच अडकून राहतात. हातातल्या मशीनमध्ये स्टेमच्या जागी नुसते चौकोनी भोक दिसते आणि आतली चाके काटे लावण्याच्या स्थितीत गुंतलेली असतात. काहीतरी मोडले, अशीच समजूत होते. वास्तविक मोडलेले काहीच नसते. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि तिचे मूळ घड्याळांच्या दुकानातल्या काउंटरवर सापडते.

किल्लीवाचून, म्हणजे क्राउन आणि स्टेमने, चावी देण्याची युक्ती कुणाची, हा वाद जुना आहे. इंग्लंडात थॉमस प्रेस्टने १८२० मध्ये पेटंट घेतले. आद्रियँ फिलिपचे घड्याळ १८४४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले, तिथे त्याची स्वित्झर्लंडमध्ये घड्याळे बनवणाऱ्या आंतोनी पातेकशी गाठ पडली आणि १८४५ मध्ये त्याने पेटंट मिळवले. तारखा पाहिल्या तर प्रेस्टचे पारडे जड आहे. पण त्याच्या रचनेत गुंडी फिरवून फक्त चावी बसे, काटे लावायला किल्ली लागेच. दोन्ही कामे एका क्राउनवर आणून ती बाजारात रुजवली फिलिपच्या परंपरेने. म्हणून आजच्या स्टेमचे कूळ सांगताना पहिला मान त्यालाच द्यायला हवा. १८६३ मध्ये त्याने किल्लीविना चालणाऱ्या घड्याळांवर पुस्तकही लिहिले.

या स्विस घराण्यात स्टेम मशीनच्या मालकीचा. भिंगाखाली पाहिले तर स्टेमला बारीक खाच असते, आणि सेटिंग लिव्हरचे टोक त्या खाचेत बसून स्टेमला धरून ठेवते. लिव्हर सैल करणारा छोटा स्क्रू मशीनच्या पाठीमागे असतो. तो एखाददुसरा फेरा फिरवला की स्टेम अलगद बाहेर येतो. उत्साहाच्या भरात स्क्रू जास्त फिरवला की लिव्हर डायलखाली निसटतो. मग स्टेम पुन्हा घालूनही टिकत नाही, क्राउन ओढला की सबंध हातात येतो. अशा वेळी काटे आणि डायल उतरवून लिव्हर परत जागेवर बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

अमेरिकेत मात्र मशीन आणि केस यांचे कारखानेच वेगळे होते. वॉल्थम, एल्जिन ही मशीनची नावे, तर कीस्टोन, फेह्स ही केसची. गिऱ्हाईक दुकानात आधी मशीन पसंत करी, मग ऐपतीप्रमाणे सोन्याची, सोन्याच्या पत्र्याची किंवा चांदीची केस निवडी. सराफाने ती दोन्ही तिथल्या तिथे जोडून द्यायची. त्यासाठी मापे ठरलेली होती. १६ साइजचे मशीन म्हणजे सुमारे ४३.२ मिलिमीटर, मग कंपनी कुठलीही असो. पण केसच्या मानेची लांबी कारखान्यागणिक कमीजास्त, तेव्हा मशीनवाल्याने स्टेम नेमका केवढा करायचा? तोड अशी निघाली की स्टेम केसवाल्याकडेच ठेवायचा. वॉल्थमच्या ड्युएन चर्चने १८८० च्या दशकात जी रचना बसवली, तिच्यात स्टेम आत दाबला असताना चावी बसते, आणि दाब सुटला की मशीन आपण होऊन काटे लावण्याच्या स्थितीत जाते. केसमधून काढलेल्या मशीनचे नेमके हेच होते.

केसच्या मानेत स्टेमला पकडते ती चिरलेल्या बोटांची पोलादी स्लीव्ह. ती आट्यांवर आतबाहेर फिरवता येते, आणि निम्म्या तक्रारींचे निदान इथेच होते. क्राउन दाबूनही काटेच फिरत असतील, तर स्लीव्ह फार बाहेर राहिली आहे. क्राउन ओढूनही काटे फिरत नसतील, तर ती फार आत गेली आहे. स्लीव्हच्या पान्याने थोडे थोडे फिरवून दर खेपेला तपासत जावे.

या अमेरिकन रचनेचे श्रेय रेल्वेला देण्याचा मोह होतो. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर क्लीव्हलंडचा सराफ वेब बॉल याने रेल्वेच्या घड्याळांची तपासणी कडक केली. चुकून क्राउन ओढला जाऊन वेळ बदलू नये म्हणून पुढे नियमांनी लिव्हर-सेट घड्याळे सक्तीची केली. त्यांत काच उघडून डायलच्या कडेचा लिव्हर ओढल्याशिवाय काटे हलत नाहीत. परंतु या घड्याळांतही स्टेम केसमध्येच राहतो, आणि चर्चची रचना तर किप्टनच्या आधीची. तेव्हा रेल्वेने काटे लावण्याची रीत बदलली, स्टेमचे घर बाजारानेच ठरवले.

विसाव्या शतकात स्विस मनगटी घड्याळांनाही याच वळणावर यावे लागले. पाणी शिरू नये म्हणून काहींची केस एकसंध केली गेली. तिला मागचे झाकण नाही, मशीन काचेच्या बाजूने काढायचे. मग स्टेमचे दोन तुकडे करावे लागले, आतला मशीनचा आणि बाहेरचा केसचा. क्राउन जरा जोर लावून सरळ ओढला की सांधा सुटतो. परत जोडताना खाच आणि तिच्यात बसणारे टोक एका रेषेत आणून, मशीन नीट बसले आहे ना हे पाहून, क्राउन सरळ आत दाबायचा.