ठरलेली किंमत नेमकी कधी ठरते?

अंधेरीत सीप्झबाहेरच्या टपरीवर ‘एक कटिंग’ म्हटलं की साखर किती, हे कुणी विचारत नाही. न सांगितलेलं आधीच ठरलेलं असतं. फंक्शनचं डिफॉल्ट आर्ग्युमेंट हेच करतं: किंमत दिली नाही, तर ठरलेली घ्या. या सोयीतून पुन्हापुन्हा उगवणाऱ्या बगला प्रोग्रामरचा गाफीलपणा म्हटलं जातं. पण कुळकथा पाहिली की मूळ वेगळंच दिसतं. किंमत ‘ठरलेली’ आहे एवढंच आपण वाचतो. ती कधी ठरली आणि कुठे ठेवली, हे त्या ओळीत दिसत नाही.

या घराण्याचा पूर्वज फोरट्रानमध्ये सापडतो. 1958 च्या फोरट्रान 2 मध्ये सबरूटीन आल्या. सबरूटीनला आकड्याऐवजी त्याचा पत्ता मिळे. तिथे 2 हा कॉन्स्टंट पाठवला आणि सबरूटीनने त्या जागी 3 लिहिलं, की काही कंपायलरांवर पुढे 2 लिहिलं तरी 3 वापरलं जाई. पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ज्या पायथनचा प्रसार करतो, तिच्यात याचाच भाऊबंद नांदतो. फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा डिफॉल्ट एकदाच तयार होतं. ते रिकामी लिस्ट असेल आणि फंक्शनने तिच्यात भर घातली, तर पुढच्या वेळी तीच भरलेली लिस्ट हाती येते. ग्लास न विसळताच पुढच्या गिऱ्हाइकाला चहा!

यावर आक्षेप असा, की पायथनचा नियम सुसंगत आहे, माहितीपुस्तिकेत लिहिलेला आहे, आणि डिफॉल्ट म्हणून नन ठेवून लिस्ट आत बनवली की काम भागतं. खरं आहे, पण पायलिंटसारख्या तपासनिसाला यासाठी खास इशारा द्यावा लागतो, म्हणजे नियम सुसंगत असूनही वाचणाऱ्याच्या अपेक्षेला छेद देतो. 2015 च्या जावास्क्रिप्टने डिफॉल्ट दर हाकेला नव्याने काढायचं ठरवलं. मग डिफॉल्टला फक्त अस्सल कॉन्स्टंटच चालवावा का? 2010 च्या सी-शार्प 4 मध्ये साधारण तसंच आहे, पण तिथे डिफॉल्ट कंपाइल होताना बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये उतरतं. लायब्ररीने 10 चे 20 केले, तरी पुन्हा कंपाइल न केलेला जुना प्रोग्राम 10 च पाठवत राहतो. इथे किंमत जराही बदललेली नसते, आणि चूक नेमकी तीच असते. म्हणून लायब्ररीतलं डिफॉल्ट बदलणं ही किरकोळ दुरुस्ती नव्हे. तो वापरणाऱ्यांशी केलेल्या करारातला बदल आहे, आणि तो तसाच जाहीर करायला हवा.