जोन्स रोग : निदानाच्या शतकाचा मागोवा

पशुधन हा कोकणच्या शेतीचा कणा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर चरणारी ठेंगणी, काटक कोकण कपिला गाय आणि याच जिल्ह्याची म्हणून ओळखली जाणारी कोकण कन्याळ शेळी ही शेतकऱ्याची खरी ठेव होय. या ठेवीला आतून पोखरणारा एक आजार म्हणजे जोन्स रोग.

हा आतड्याचा जिवाणुजन्य विकार आहे. वासराला त्याची लागण बहुधा लहानपणीच, बाधित शेणाने माखलेल्या सडातून वा दुधातून होते; लक्षणे मात्र दोन ते सहा वर्षांनी उमटतात. गाय नीट खाते, तरी न थांबणाऱ्या हगवणीने झिजते. दूध आटते, कधी जबड्याखाली सूज येते. शेळीत तर हगवण पुष्कळदा नसतेच. ती केवळ रोडावत जाते. तोवर तिच्या लेंड्यांतून जंतू कळपभर पसरलेले असतात. सावलीतील ओलसर मातीत ते अनेक महिने तग धरतात. रोगावर खात्रीचा उपचार नाही.

१८९५ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे योने व फ्रॉदिंगहॅम यांनी अशा गायीच्या आतड्यात क्षयाच्या जंतूंसारखे जंतू पाहिले. त्यांना तो पक्ष्यांच्या क्षयाचाच प्रकार वाटला. हा स्वतंत्र रोग आहे, हे १९०६ साली डेन्मार्कच्या बँग यांनी दाखविले. पुढे १९१० च्या सुमारास इंग्लंडच्या ट्वॉर्ट यांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. त्यासाठी दुसऱ्या एका सजातीय जंतूचा अर्क घालावा लागला. त्या अर्कातील घटक जंतूला लोह मिळवून देतो, हे नंतर उमगले. आम्ल व लोहयुक्त मातीशी या रोगाचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे. कोकणची जांभ्याची तांबडी माती नेमकी तशीच असल्याने येथे अधिक सावध राहणे इष्ट.

भारतात पशुरोग संशोधनाचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. १८८६ साली परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तर १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. ती १८९३ साली कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली.

तथापि जोन्स रोगाचे निदान दीर्घकाळ अवघडच राहिले. शेणाच्या काचपट्टीवर जंतू अनेकदा दिसत नसत. त्यांची वाढ करून पाहावी, तर दोन ते चार महिने जात. १९८३ साली कॅरी मुलिस यांनी डी.एन.ए.च्या एका तुकड्याच्या लक्षावधी प्रती काढण्याची पी.सी.आर. पद्धत शोधली, त्याबद्दल १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ साली या जंतूतील 'आय.एस. ९००' हा डी.एन.ए.चा तुकडा उजेडात आला. एकेका जंतूत त्याच्या सुमारे पंधरा ते वीस प्रती असल्याने तो शोधणे सोपे जाते. आता शेणाच्या नमुन्यावरून एक-दोन दिवसांत उत्तर मिळू शकते. मथुरेजवळील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने भारतीय शेळ्यांतील या जंतूचा 'इंडियन बायसन' प्रकार अशाच तंत्राने ओळखला.

ही परीक्षाही अचूक नव्हे. जनावर रोज जंतू टाकत नाही आणि शेणातील काही द्रव्ये परीक्षेत अडथळा आणतात. म्हणून एकदा 'नाही' आले, तरी चाचणी पुन्हा करावी लागते.

पाश्चात्त्य देशांत बाधित जनावर बहुधा कत्तलीस धाडले जाते. १८३४ साली शेठ मोतीशा व जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभारणाऱ्या परंपरेला तो मार्ग मान्य होणारा नाही. पण दयेपोटी आजारी गाय निरोगी वासरांत ठेवली, तर त्या वासरांवरच अन्याय होतो. नव्या जनावराची आल्याबरोबर तपासणी, बाधितासाठी वेगळा गोठा व चारा-पाणी, नवजात वासराला बाधित शेणापासून व दुधापासून दूर ठेवणे, हा यातील अहिंसक मार्ग होय. वेळीच झालेले निदान हेही जीवदयेचेच एक अंग आहे.